रमाबाई रानडे: जिथं आठवणी संपतात

मी बोलतोय रायपूरहून, ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरातून. ज्यांना छत्तीसगढची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो, पारा म्हणजे आळी, मोहल्ला. गल्ली अरुंद आहे, त्यामुळे बोलताना मध्येच स्कूटरचा हॉर्न वाजेल, भाजीवाली हाक मारेल. ते सहन करा. पुस्तकात वाचणाऱ्यांची त्यातून सुटका झालीच आहे.

मी फौजेतला माणूस. तेहतीस वर्षं नोकरी केली आणि २०१३ साली निवृत्त होऊन वडिलोपार्जित घरात परत आलो. इतिहासाचा मी अभ्यासक नाही, बीएस्सी झालो तेही कसाबसा. या मालिकेत आधी दोनदा बोललो ते लष्करी विषयांवर. आज मात्र रमाबाई रानडे यांच्यावर बोलणार आहे. फौजी माणसाला हे काय सुचलं, असं कुणाला वाटेल. त्याचं कारण घरातलंच आहे.

आमच्या पाऱ्यात बायकांचं एक भजनी मंडळ आहे. एकादशीला आमच्या माडीवर जमतात. पंधरा-वीस जणी असतील. निम्म्या घरात मराठी बोलतात, निम्म्या छत्तीसगढी किंवा हिंदी, पण अभंग सगळ्यांना पाठ. दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीनं ठरवलं की भजन झालं की अर्धा तास काहीतरी वाचायचं. पहिलं पुस्तक निवडलं रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. ‘उंच माझा झोका’ मालिका २०१२ साली लागत होती, ती बहुतेकींनी पाहिलेली. त्यामुळे नाव ओळखीचं होतं. वाचायची जबाबदारी आळीपाळीनं होती, आणि कुणी आलं नाही तर ती माझ्यावर यायची. माझा आवाज परेड ग्राउंडवरचा, माइक लागत नाही.

पुस्तक संपलं त्या दिवशी एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, म्हणाल्या, “संपलं? आणि बाईंचं पुढं काय झालं?”

मी पान उलटून पाहिलं. खरंच संपलं होतं. पुस्तक १९१० साली छापलेलं, पण त्यातली गोष्ट थांबते १९०१ च्या जानेवारीत, न्यायमूर्ती रानडे वारले तिथं. रमाबाई त्यानंतर तेवीस वर्षं जगल्या. त्या तेवीस वर्षांत त्यांनी जे केलं ते आधीच्या सगळ्यापेक्षा मोठं होतं, असं माझं मत आहे. आणि त्यांनी स्वतः त्यातलं काही आठवणींत घातलं नाही. नवऱ्याचं आयुष्य संपलं तिथं ‘आमच्या आयुष्या’च्या आठवणी संपल्या. मालिकाही बहुतेक त्या संसारातच रमली. म्हणून आज मी जे बोलणार आहे ते बरंचसं त्या शेवटच्या पानानंतरचं आहे. पण आधीचं थोडं सांगितल्याशिवाय ते समजणार नाही.

देवराष्ट्रे हे गाव, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं, आज सांगलीत येतं. तिथल्या कुर्लेकरांची मुलगी यमुना. १८७३ साली अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांशी. रानडे तेव्हा विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून गाजलेले. पहिली पत्नी वारल्यावर ते विधवेशी लग्न करतील असं लोकांना वाटत होतं, आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांची कुमारिका केली. याबद्दल त्यांना लोकांनी आयुष्यभर ऐकवलं, आणि बरोबरच ऐकवलं. मी रानड्यांचा भक्त आहे, पण इथं त्यांची बाजू घेण्यासारखं काही नाही.

त्यांनी जे केलं ते लग्नानंतर. मुलीला अक्षरओळख नव्हती. तिच्या माहेरी मुलींना शिकवण्याची रीत नव्हती. रानड्यांनी लागलीच पाटी घेऊन तिला शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी. घर मोठं, नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका बऱ्याच. दिवसभर त्यांच्यात राहायचं, रात्री अभ्यास करायचा, आणि सकाळी त्याच अभ्यासाबद्दल टोमणे खायचे. हे टोमणे पुस्तकात इतके बारीक लिहिलेत की वाचताना माडीवरच्या बायका हसायच्या आणि मध्येच गप्प व्हायच्या. एक सूनबाई आपल्या सासूबाईंकडे न बघता हसत होती, तेही मी पाहिलं.

पुढे नाशिकला बदली झाली. तिथल्या शाळेत रमाबाईंनी पहिलं जाहीर भाषण केलं, ते रानड्यांनीच लिहून दिलं होतं. १८८४ च्या सुमारास पुण्यात मुलींचं हायस्कूल व्हावं म्हणून गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे रमाबाईंनी इंग्रजीत भाषण वाचलं. वीस-बावीस वर्षांची बाई, भर सभेत, परपुरुषांसमोर, साहेबाच्या भाषेत! हायस्कूल झालं, तीच हुजूरपागा. घरी परतल्यावर मात्र त्यांच्या वाट्याला आलं ते वेगळंच.

याच काळात पुण्यात दुसरी रमाबाई आली होती. पंडिता रमाबाई. १८८२ साली ती आली, पुराणं सांगू लागली, आणि तिनं आर्य महिला समाज काढला. आमच्या रमाबाई त्या समाजात जाऊ लागल्या. म्हणजे बायकांनी एकत्र बसून बोलायचं, ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा मिळाली ती पुराण आणि प्रार्थना यांच्या आडोशानं. सभेला जाते म्हटलं तर सोडणार नाहीत, पुराणाला जाते म्हटलं तर अडवता येत नाही. आमच्या माडीवरही तेच चाललंय की. एखादीनं घरी सांगितलं, ‘रमाबाईंच्या मताधिकारावर चर्चा आहे’, तर घरचे विचारतील, ‘स्वयंपाकाचं काय?’ भजन म्हटलं की कुणी विचारत नाही.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेली, तिथं ख्रिस्ती झाली, मग अमेरिकेत दोन-अडीच वर्षं हिंडली. परत आल्यावर १८८९ साली तिनं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. अमेरिकेतल्या बायका काय शिकतात, कशा संस्था चालवतात, आपल्या हक्कांसाठी कशा झगडतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला मराठीत वाचायला मिळालं ते तेव्हा. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून गेलेल्या मूठभर बायकांत ती होती. पुढे शारदा सदनात धर्मांतर होतं म्हणून गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर वगैरे मंडळींनी तिच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. दोन रमाबाईंच्या वाटा वेगळ्या झाल्या. एक चर्चमध्ये गेली आणि केडगावला मुक्तिसदन उभारलं. दुसरी नऊवारी, कुंकू, अभंग आणि नवऱ्याचं घर यांत राहिली. चूक कोण आणि बरोबर कोण, या वादात मला पडायचं नाही. मला कुतूहल आहे ते दुसरीचं. जी घर सोडून गेली तिनं काय गमावलं ते दिसतं. जी घरात राहून लढली, तिची किंमत हिशेबात येत नाही.

आता शेवटच्या पानानंतरचं.

१६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. रमाबाई अडतीसच्या आसपास, मूलबाळ नाही. मुंबईचं घर आवरून पुण्याला आल्या आणि जवळपास वर्षभर कुणात मिसळल्या नाहीत. मग हळूहळू बाहेर पडल्या. तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, इस्पितळात जाऊ लागल्या. रानड्यांची धर्मपर व्याख्यानं त्यांनी छापून घेतली. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. १९०८ साली मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं तेव्हा अध्यक्ष त्याच. आणि १९०९ मध्ये पुण्यात त्यांच्या स्वतःच्या वाड्यात सेवासदन सुरू झालं, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीनं. शिवण, वाचन, मग शिक्षिकांचं शिक्षण, मग नर्सिंग.

नर्सिंग हा शब्द आज साधा वाटतो. तेव्हा ब्राह्मणाघरच्या विधवेनं परक्या रोग्याला हात लावायचा म्हणजे गावभर गवगवा. सेवासदनाच्या बक्षीस समारंभाची एक हकिकत सांगतात. केशवपन केलेली, आलवण नेसलेली एक विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तशी गॅलरीतल्या तरुण पोरांनी हुर्यो केली. कॉलेजात शिकणारी पोरं! समारंभाच्या शेवटी रमाबाई उठल्या आणि त्या शिकलेल्या पोरांना त्यांनी त्यांच्याच शिक्षणावरून सुनावलं. पंचवीस वर्षांपूर्वी घरातल्या बायकांचे टोमणे त्यांनी गप्प राहून सोसले होते. रानडे सांगत, उलट उत्तर देऊ नकोस. इथं त्यांनी उत्तर दिलं. दुसऱ्या बाईसाठी दिलं. माझ्या दृष्टीनं हा त्यांच्या आयुष्यातला वळणाचा प्रसंग आहे. मताधिकाराचं राजकारण पुढं आलं, पण त्याची तयारी इथं दिसते.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या भजनी मंडळाला सगळ्यांत आवडली. आषाढी-कार्तिकीच्या वाऱ्यांच्या दिवसांत रमाबाई सेवासदनाच्या मुलींना घेऊन आळंदीला जात, गर्दीत आलेल्या बायकांच्या मदतीला. वारी म्हणजे देवाचं काम. पण तिथं बाया हरवतात, आजारी पडतात, धक्काबुक्की होते. त्या गर्दीत बाईला सांभाळायला बाईच हवी, हे कुणाला सुचलं नव्हतं.

इथं क्षणभर आळंदीहून थेट अमेरिकेत जाऊ या. ज्या वर्षी पुण्यात सेवासदन सुरू झालं, त्याच १९०९ साली वॉशिंग्टनमध्ये नॅनी हेलन बरोज नावाच्या तीस वर्षांच्या काळ्या बाईनं मुलींसाठी एक प्रशिक्षण शाळा उघडली. ती बाप्टिस्ट चर्चची कार्यकर्ती. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९०० मध्ये, रिचमंडच्या चर्चपरिषदेत तिनं भाषण केलं होतं, आणि त्याचा आशय असा की बायकांना मदत करायचीच आहे, तुम्ही वाटेतून बाजूला व्हा. त्यातून चर्चमधल्या काळ्या बायकांची स्वतंत्र परिषद उभी राहिली. या बायका कोण? धुणीभांडी करणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या, शिक्षिका. त्यांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीवर शाळा चालली. बरोज मतासाठी लिहीतही होती. तिचं म्हणणं होतं की काळ्या बाईला मताची गरज सगळ्यांत जास्त आहे, कारण तिच्या अब्रूचं रक्षण करायला दुसरं कुणी येत नाही.

या दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. पण वाट तीच. आधी देवाच्या घरात बसायची जागा मिळवायची, मग तिथून सेवा, सेवेतून शाळा, आणि शाळेतून सरकारच्या दारात. दोघींनाही पहिला विरोध झाला तो आपल्याच माणसांकडून. फरकही मोठा आहे, तो लपवत नाही. रमाबाई हायकोर्टाच्या न्यायमूर्तीच्या पत्नी, स्वतःचा वाडा असलेल्या. बरोजच्या मागच्या पिढीनं गुलामी भोगलेली. तिची तुलना करायची तर सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुलींशी जास्त शोभेल. सेवासदनाचा वर्ग बराचसा पांढरपेशा होता, हे मान्य केलंच पाहिजे.

आता मताधिकार. याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तारखा ऐकून झोप येते हे मी लेक्चर देऊन शिकलोय. डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री मॉन्टेग्यू मद्रासला आले, तिथं सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ त्यांना भेटलं. नव्या सुधारणांत बाईलाही मत द्या, ही मागणी. पुढे साउथबरो समिती आली आणि तिनं सांगितलं, हिंदुस्थानातल्या चालीरीती पाहता हे अकाली आहे. पडदा आहे, शिक्षण नाही, बायकांनाच नको आहे, वगैरे. मुंबईहून हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला गेल्या, पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडली. शेवटी १९१९ च्या कायद्यानं मधली वाट काढली. आम्ही देत नाही, पण प्रांतांच्या कौन्सिलांना द्यायचं असेल तर त्यांनी द्यावं. म्हणजे चेंडू ढकलला. फौजेत याला फाइल फिरवणं म्हणतात.

पण चेंडू ढकलला तो रमाबाईंच्या अंगणात. मुंबई इलाख्यात ‘बायकांनाच नको आहे’ हे म्हणणं खोडून काढायला असं माणूस हवं होतं ज्याच्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही. विलायती वळणाची नाही, घर मोडलेली नाही, धर्म सोडलेली नाही, वय साठीला टेकलेलं, आळंदीला जाणारी. मुंबई इलाख्यातल्या मताधिकाराच्या चळवळीच्या पुढे त्या उभ्या राहिल्या.

त्यांची रंगीत तालीम आधीच झाली होती. १९२० च्या आरंभी पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद पेटला. पैसा कमी, तेव्हा आधी मुलांना सक्ती करू, मुलींचं नंतर पाहू, असा एक पक्ष. लोकमान्य टिळक त्या बाजूला होते. टिळकांच्या पुण्यात, टिळक हयात असताना, त्यांच्या मताविरुद्ध रमाबाईंनी बायकांची मिरवणूक रस्त्यावर काढली. मुलींनाही सक्ती करा! ज्या बाईला रात्री दार लावून मुळाक्षरं शिकावी लागली, ती आता भर दिवसा पुण्याच्या रस्त्यानं चालली होती, आणि मागे बायकांची रांग. माडीवर हे सांगितलं तेव्हा एक बाई म्हणाल्या, “त्या सासवा असत्या तर?” दुसरी म्हणाली, “असत्या तर त्याही रांगेत असत्या एखादे वेळी.” मला दुसरीचं उत्तर जास्त आवडलं, खरं असो वा नसो.

१९२१ च्या एप्रिलमध्ये मद्रासनं बायकांना मत दिलं. जुलैमध्ये मुंबईच्या कौन्सिलनं चर्चा करून तसाच ठराव मंजूर केला. नोव्हेंबर १९२३ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यातल्या बायकांनी विधिमंडळासाठी पहिल्यांदा मत दिलं. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, रमाबाई गेल्या.

यावर टाळ्या वाजवण्याआधी अट वाचा. मत होतं ते पुरुषांच्याच अटींवर, म्हणजे ठरावीक मालमत्ता, शेतसारा किंवा कर भरणाऱ्यांना. मालमत्ता बाईच्या नावावर असे किती ठिकाणी? सेवासदनात झाडलोट करणाऱ्या बाईला त्या ठरावानं काही दिलं नाही. आणि मत दिलं तरी उभं राहण्याची मुभा नव्हती, ती १९२६ मध्ये नियम बदलल्यावर आली. तिकडे अमेरिकेतही तेच. १९२० च्या घटनादुरुस्तीनं बाईला मत मिळालं, पण दक्षिणेतल्या काळ्या बाईला परीक्षा, कर आणि दांडगाई यांनी १९६५ च्या कायद्यापर्यंत बूथबाहेर ठेवलं. बरोज १९६१ मध्ये वारली. आपल्याकडे सगळ्यांना मत हवं हे ठणकावून सांगणाऱ्यांत बाबासाहेब आंबेडकर होते, १९२८ साली सायमन कमिशनपुढे. ते प्रत्यक्षात आलं राज्यघटनेनं.

आमचं रायपूर तेव्हा मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. इथल्या बायकांना कौन्सिलचं मत मिळालं १९२७ मध्ये, म्हणजे मुंबईनंतर सहा वर्षांनी. दुसऱ्याच वर्षी नागपूरच्या अनसूयाबाई काळे कौन्सिलवर नेमल्या गेल्या. १९३७ मध्ये त्या विधानसभेच्या उपसभापती झाल्या आणि १९५२ मध्ये नागपूरहून लोकसभेत गेल्या. आणि रायपुरात राधाबाई होत्या. नागपूरच्या, लहानपणीच लग्न होऊन लहानपणीच विधवा झालेल्या. सुईणीचं काम शिकल्या, १९१८ मध्ये रायपूरच्या नगरपालिकेत दाई म्हणून लागल्या. पदवी नव्हती, पण गावानं त्यांना डॉक्टर केलं. डॉक्टर राधाबाई. गावातल्या सगळ्या जातींच्या घरांत त्यांचा हात पोचलेला. सत्याग्रहात तुरुंगात गेल्या. १९५० च्या अगदी सुरुवातीला वारल्या. सगळ्या बायकांना मत देणारी पहिली निवडणूक १९५१-५२ ची. ती त्यांना दिसली नाही. आज त्यांच्या नावाचं मुलींचं सरकारी कॉलेज रायपुरात आहे, आणि आमच्या मंडळातल्या दोघी तिथं शिकल्या. राधाबाई कोण, हे त्यांना माडीवर येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या पहिल्या निवडणुकीच्या याद्यांबद्दल एक आकडा सांगतो. देशभरात सुमारे आठ कोटी बायका मतदार असायला हव्या होत्या. त्यातल्या जवळपास अठ्ठावीस लाख बायकांची नावं याद्यांतून काढावी लागली, कारण त्यांनी नाव सांगितलंच नव्हतं. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी नोंद होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की नाव नाही तर मत नाही. कडक वाटतं, पण पुढच्या वेळी बायकांनी नावं दिली.

आमच्या घरातला किस्सा याच काळातला. यादीवाला माणूस दारात आला. आजीनं स्वतःचं नाव सांगितलं. मग त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं. आता नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? आजोबा दुकानात. शेजारच्या वहिनींनी आतून सुचवलं, उखाणा घ्या. आजीनं डोक्यावरचा पदर सारखा करून चार ओळींचा उखाणा घेतला. तो माणूस छत्तीसगढी, मराठीचा गंध नाही. म्हणाला, “दाई, एमा नाव कोन हे?” यातलं नाव कुठलं? आजीनं अख्खा उखाणा पुन्हा म्हटला. वडील ही गोष्ट सांगताना दरवेळी हसायचे. आजीचं नाव यादीत लागलं आणि तिनं मत दिलं. कुणाला, ते आजोबांनाही सांगितलं नाही.

आता मला माझी गोष्ट सांगायची आहे. खरं तर याच्यासाठी मी कॅमेऱ्यासमोर बसलो.

माझं लग्न १९८४ च्या मे महिन्यात झालं. पत्नी नागपूरची, राज्यशास्त्रात एम. ए. सैनिकाला मतदानासाठी एक वेगळी सोय असते. तो सेवा मतदार म्हणून नोंदवून घेतो आणि टपालानं मत देतो. फॉर्ममध्ये बरोबर राहणाऱ्या पत्नीचंही नाव भरता येतं. मी माझा फॉर्म भरला. तिचा रकाना कोरा ठेवला. का? काही कारण नाही. ‘नंतर भरू’ म्हटलं. मग बदली. मग दुसरी बदली. दर वेळी नवा पत्ता, नवी गडबड. माझं स्वतःचं टपाली मतपत्र तेहतीस वर्षांत दोनदाच वेळेवर हाती आलं. पण माझं नाव यादीत होतं. तिचं कुठंच नव्हतं. माहेरच्या यादीतून लग्नानंतर गेलं, सासरच्या यादीत आलं नाही, माझ्या फॉर्मवर मी लिहिलं नाही. १९८४ ते २००९, लोकसभेच्या आठ निवडणुका झाल्या.

आणि या काळात ती छावण्यांच्या शाळांतून काय शिकवत होती? नागरिकशास्त्र.

निवृत्त होऊन रायपूरला आलो, २०१३ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. तिनं स्वतः जाऊन फॉर्म भरला होता, मला न विचारता. बूथवरून आलो तेव्हा तिनं बोटावरची शाई दाखवली नाही, काही नाही. चहा केला. मग म्हणाली, “अहो, माझं हे पहिलं मत. एक्कावन्नाव्या वर्षी.” मी म्हणालो, असं कसं होईल? ती म्हणाली, “रकाना कोरा होता.” एवढंच. त्यानंतर हा विषय तिनं काढला नाही. मी मात्र विसरलो नाही.

रानड्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं म्हणून मी त्यांना नावं ठेवतो. पण त्यांनी पाटी हातात दिली होती. मी एम. ए. झालेल्या बाईशी लग्न केलं आणि एक रकाना भरला नाही.

त्या कायद्यात २०२१ साली एक बदल झाला. सेवा मतदाराच्या बाबतीत कायद्यात ‘वाइफ’ असा शब्द होता. म्हणजे अधिकाऱ्याची बायको टपालानं मत देऊ शके, पण महिला अधिकाऱ्याचा नवरा नाही. कारण कायदा करताना बाई अधिकारी असेल हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आता ‘वाइफ’च्या जागी ‘स्पाउस’ शब्द आला. मी ही बातमी वाचून दाखवली तेव्हा पत्नी हसली आणि म्हणाली, “म्हणजे आता नवऱ्यांचे रकानेही कोरे राहतील.”

तर माडीवरच्या आजींचा प्रश्न. बाईंचं पुढं काय झालं? त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या दोन एकादश्या मी जमेल तेवढं वाचून सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगितलं. सांगून झाल्यावर त्या आजींनी विचारलं, “मग हे बाईंनी स्वतः का नाही लिहिलं?” मी काही बोलायच्या आत माझी पत्नी म्हणाली, “कामं होती त्यांना.” सगळ्या हसल्या. १९६२ साली, रमाबाईंच्या जन्मशताब्दीला, पोस्टानं त्यांचं तिकीट काढलं होतं. आजींकडे ते होतं, त्यांच्या वडिलांच्या जुन्या वहीत चिकटवलेलं. पुढच्या एकादशीला त्यांनी ती वही आणली. वहीच्या आत पहिल्या पानावर वडिलांचं नाव होतं. आजींनी पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःचं लिहिलं, पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. मग म्हणाल्या, हरिपाठ सुरू करा, उशीर होतोय.